न झालेल्या लग्नाचा जमाखर्च

झालेल्या लग्नांविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. रुसणारे व्याही, ऐन वेळी बेपत्ता होणारा अंतरपाट आणि पंक्तीत तिसऱ्यांदा जिलबी मागणारे मामा यांची वर्णने करीत आमच्या विनोदी लेखकांच्या दोन-तीन पिढ्या सुखाने नांदल्या. परंतु ज्या लग्नाची पत्रिका छापली गेली, ज्याच्यासाठी कार्यालय धरले गेले, आचाऱ्याने सामानाची यादी करून दिली, आणि जे पुढे कोणाच्या मृत्यूमुळे म्हणा, आजारामुळे म्हणा, अथवा वधूवरांपैकी एकास अखेरच्या पंधरवड्यात सुचलेल्या शहाणपणामुळे म्हणा, लागलेच नाही, त्या लग्नाचा बखरकार अद्याप जन्मास यावयाचा आहे. त्याचा समग्र इतिहास पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींत पडून असतो, आणि तो वाचण्याचा योग ज्याच्या वाट्याला येतो त्या वधूपित्याची मनःस्थिती इतिहाससंशोधनास फारशी अनुकूल नसते.

हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या सातव्या कलमात असे सांगितले आहे की, ज्या विवाहात सप्तपदीचा विधी आहे तो विवाह वधूवरांनी अग्नीसमक्ष सातवे पाऊल टाकले म्हणजे पूर्ण व बंधनकारक होतो. याचा सरळ अर्थ असा की, सहावे पाऊल पडून सातवे उचलले जाईपर्यंत उभयतांस माघार घेण्याची मुभा कायद्याने ठेविली आहे. आता ही उदार मुदत कार्यालयाच्या व्यवस्थापकाने दिलेल्या मुदतीशी ताडून पाहावी. त्याच्या हिशेबी माघारीची वेळ पावती फाडली त्याच क्षणी संपते, आणि पावती तर सप्तपदीच्या आठ-दहा महिने आधी फाटलेली असते. तात्पर्य, विवाहसोहळ्यात सर्वांत आधी जखडले जातात ते वधूपिता आणि कार्यालय. त्यामागून केटरर, मांडववाला, फोटोग्राफर, बँडवाला आणि फेटे बांधणारा. आणि या सर्वांचे देण्याघेण्याचे कागद पक्के झाल्यावर, अगदी शेवटी, वधू आणि वर. हिंदू विवाह हा संस्कार की करार, या प्रश्नावर विद्वानांनी पुष्कळ वाद घातला आहे. माझ्या अल्प मतीला असे वाटते की, वधूवरांपुरता तो निःसंशय संस्कार आहे. करार आहे तो बाकी सगळ्यांचा.

या व्यवस्थेस आजवर कोणी आव्हान दिले नाही याचे श्रेय 'शुभ बोला' या दोन शब्दांना आहे. कार्यालय ठरविण्याचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. टेबलावरच्या काचेखाली देवादिकांच्या तसबिरी, भिंतीवर कालनिर्णयाची पाने, आणि त्यांतील मुहूर्ताच्या तारखांभोवती लाल वर्तुळे.

"धरू ना तारीख, काका? दुपारपासून आणखी दोन पार्ट्या याच तारखेला विचारून गेल्यात," व्यवस्थापक म्हणतो.

वधूपिता चष्मा पुसतो. "ते ठीक आहे. पण समजा, देव न करो, लग्न पुढं ढकलायची किंवा रद्द करायची पाळी आली, तर भरलेल्या पैशांचं काय?"

"शुभ बोला, काका! वास्तू तथास्तु म्हणत असते."

वधूमाता डोळ्यांनीच यजमानांना गप्प करते. सोबत आलेल्या आत्याबाई, आपल्या दादाला कुठे काय बोलावे ते कधी कळलेच नाही, हे आपले जुने मत पुन्हा एकदा रुजू करतात. आणि त्याच मंगल क्षणी व्यवस्थापक जी पावती फाडून हातावर ठेवतो, तिच्या पाठीमागे, मुंगीच्याही नजरेस न पडावा अशा बारीक टाइपात, मृत्यू, आजारपण, सुतक, आपसांतील बेबनाव, दंगल, अतिवृष्टी आणि संचारबंदी या यच्चयावत अशुभांचा अनुक्रमवार नामनिर्देश करून, यांपैकी काहीही घडले तरी भरणा केलेली रक्कम परत मिळणार नाही, असे छापलेले असते. अशुभ बोलण्याची मनाई ग्राहकाला आहे. अशुभ छापण्याची छापखान्याला नाही.

न्यायबुद्धीने पाहता कार्यालयवाल्याचीही एक कैफियत आहे, आणि ती ऐकून घेतल्यावाचून निवाडा देणे बरे नव्हे. आषाढात देव निजले की चातुर्मासभर बहुतेक लग्ने खोळंबतात. तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांना वाट मोकळी होते, तर लागलीच पौष आडवा येतो. मध्येच गुरू अथवा शुक्र अस्तास जातो, आणि तिसऱ्या वर्षी अधिक मास सावकारासारखा दाराशी उभा राहतो. या सर्वांतून ज्या मोजक्या तारखा उरतात त्यांवर कार्यालयाला बारा महिन्यांचे भाडे, वीज आणि नोकरांचे पगार काढावयाचे असतात. मुहूर्ताची तारीख हा माल मंडईतल्या कोथिंबिरीहून नाशिवंत आहे. ती त्या दिवशी खपली नाही तर दुसऱ्या दिवशी निम्म्या दरानेही कोणी घेत नाही. तेव्हा आठ दिवस आधी रद्द झालेल्या लग्नाचे पैसे कार्यालयाने ठेवून घेतले तर त्याला सरसकट लुटारू म्हणणे अन्यायाचे होईल. प्रश्न आठ महिने आधी रद्द झालेल्या लग्नाचा आहे, कारण पावतीच्या पाठीमागे आठ दिवस आणि आठ महिने यांत तिळमात्र भेदभाव केलेला नसतो.

कार्यालयाच्या मागोमाग केटरर येतो. त्याच्या राज्यात माणसे नसतात, पाने असतात. "तीनशे पानांची हमी आहे तुमची," असे तो म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ असा की, दोनशे सत्तर माणसे जेवली तरी पैसे तीनशेंचे. तीनशे तीस जेवली तर वरची तीस पाने ज्यादा दराने. आणि एकही जेवले नाही तर हमी ती हमीच. लग्न मोडल्याचे त्याला कळविले की पहिले वाक्य ठरलेले असते, "अहो, किराणा भरला की!" लग्नाला अजून दीड महिना असला तरी किराणा भरलेलाच असतो. बरे, तो किराणा म्हणजे काही वधूवरांची नावे घातलेला डाळ-तांदूळ नव्हे. दुसऱ्या दिवशीच्या मुंजीत तो बिनबोभाट शिजतो. परंतु हा मुद्दा काढण्याइतके स्वास्थ्य वधूपित्यापाशी उरलेले नसते.

फोटोग्राफरचे प्रकरण अधिक नाजूक. त्याने लग्नापूर्वीच उभयतांस कोणत्याशा तलावाकाठी नेऊन, एकमेकांच्या डोळ्यांत पाहावयास लावून, चाळीस-पन्नास छायाचित्रे काढून ठेविलेली असतात. लग्न मोडल्यावर तो न्यायाला धरून सांगतो की, उरलेली रक्कम भरावी आणि अल्बम घेऊन जावा. मोबदला देऊनही कोणाला नको असलेला माल, असा हा व्यापाराच्या इतिहासातील विरळा नमुना आहे. बँडवाल्याला सुपारी दिलेली असते. ती परत मागण्याची वहिवाट नाही, आणि त्याला त्या संध्याकाळी दुसरी वरात मिळतेच. पत्रिका छापणाऱ्याशी तर हुज्जत घालताच येत नाही, कारण साऱ्या मंडळींत आपले काम आधीच चोख उरकून बसलेला तोच एक. त्याच्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर पुढे वर्षभर वाण्याच्या याद्या लिहिल्या जातात. राहता राहिले गुरुजी. त्यांनी पावती दिलेली नसते, इसार घेतलेला नसतो, अटी छापलेल्या नसतात, रद्द झाल्याचे कळताच ते पंचांग उघडून "मार्गशीर्षात बघू या का?" एवढेच विचारतात. दोन हजार वर्षे चाललेल्या व्यवसायाला लेखी कराराची गरज पडलेली नाही, ही गोष्ट इतरांनी चिंतन करण्याजोगी आहे.

अशुभाचा उच्चार हेच अशुभ, ही समजूत शास्त्राने दिलेली आहे असे समजण्याचे मात्र कारण नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी 'धर्मसिंधु' हा ग्रंथ रचला, आणि आजही लग्नकार्यात शंका निघाली की जाणते गुरुजी त्याकडेच बोट दाखवितात. घरात लग्न निघाले असता मध्येच सुतक आले तर काय, हा प्रश्न शास्त्रकारांनी निःसंकोचपणे विचारला आहे. त्यांचे उत्तर असे की, नांदीश्राद्ध झाले म्हणजे कार्याला प्रारंभ झाला, आणि प्रारंभ झालेल्या कार्याला सुतकाची बाधा नाही. विवाहापूर्वी दहा दिवसांपर्यंत नांदीश्राद्ध आधी करता येते. तेवढेही ज्यांना साधले नाही, सामान जमा झाले आहे, दुसरा मुहूर्त जवळपास नाही, आणि नेमके सुतक येऊन ठेपले, अशांसाठी कूष्मांडहोमादी प्रायश्चित्ताची तजवीज आहे. पंचांगकर्तेही नेहमीच्या मुहूर्तांखेरीज गौणकाळातले आणि आपत्काळातले मुहूर्त काढून देतात. आजच्या व्यवहाराच्या परिभाषेत सांगावयाचे तर, दहा दिवस मुदतीची ही विवाहाची विमा पॉलिसीच होय. तिचा हप्ता दक्षिणेच्या रूपाने एकदाच भरावयाचा, आणि दावा नामंजूर झाल्याचे एकही उदाहरण ऐकिवात नाही. ज्यांनी 'शुभ बोला' ही शिकवण दिली असे आपण मानतो, ते पूर्वज स्वतः ग्रंथभर अशुभच बोलत होते, आणि म्हणून त्यांची लग्ने वेळेवर लागत.

या प्राचीन योजनेला अर्वाचीन प्रतिस्पर्धी निर्माण झाला त्यालाही आता पुष्कळ वर्षे लोटली. आपल्याकडील सर्वसाधारण विमा कंपन्यांपैकी काही जणी विवाहाचा विमा उतरवितात. या पॉलिसीचे बहुधा चार भाग असतात. पहिला, आग, नैसर्गिक आपत्ती, अपघात अथवा जवळच्या नातलगाचा मृत्यू यांमुळे लग्न रद्द झाल्यास बुडालेल्या खर्चाचा. दुसरा, मांडव, दागिने आदी मालमत्तेच्या हानीचा. तिसरा, सोहळ्यात त्रयस्थ माणसाला इजा झाल्यास त्याच्या भरपाईचा. आणि चौथा, वधूवरादिकांच्या वैयक्तिक अपघाताचा. हप्ता विमा रकमेच्या शेकडा एक-दोन रुपयांच्या आसपास पडतो, म्हणजे दहा लाखांच्या लग्नाला दहा ते वीस हजार. एवढ्या रकमेचे तर आपल्याकडे नुसते फेटे होतात. तरीही फेटे सगळे घेतात आणि विमा क्वचितच कोणी घेतो. कारण फेटा छायाचित्रात दिसतो.

विमा प्रतिनिधी हा लग्नघरात येणारा एकमेव मनुष्य, की ज्याला 'शुभ बोला' असे सांगून भागत नाही. अशुभ बोलणे हाच त्याचा चरितार्थ.

"रक्ताच्या नात्यातलं कोणी वारलं, तर पहिल्या भागाखाली दावा करता येतो," तो समजावून सांगतो.

"कोण वारलं तर?"

"उदाहरणार्थ म्हणतोय हो. तुम्ही."

यानंतर चहा येण्यास थोडा उशीर होतो. परंतु खरी अडचण निराळीच आहे. शास्त्राचे दहा दिवसांचे सुतक सात पिढ्यांच्या भाऊबंदांपर्यंत पोहोचते, तर विमा कंपनीचे सुतक वधूवरांच्या अगदी निकटच्या रक्तसंबंधीयांपाशीच आटोपते. कोकणातल्या मूळ घरी, ज्यांना आपण जन्मात पाहिले नाही, असे कोणी चुलत चुलत आजोबा पिकल्या वयात निवर्तले, तर त्यांचा निरोप लग्नघराला थबकवू शकतो. कंपनीला मात्र ते गृहस्थ कोण, हे दप्तरात कोठेच सापडत नाही.

त्यानंतर पॉलिसीतील अपवादांचे प्रकरण सुरू होते, आणि ते मूळ मजकुराहून वाचनीय असते. वधू अथवा वराचे मन बदलले तर भरपाई नाही. दोन घरांत तंटा झाला तर नाही. दहशतवादी हल्ला, संप, वाहन न मिळाल्यामुळे मांडवात पोहोचता न येणे, ही कारणेही बहुधा वगळलेली असतात. आणि वधू अथवा वराचे अपहरण झाले तरीही नाही. हा शेवटचा अपवाद वाचला की विदर्भाची आठवण आल्यावाचून राहत नाही. कौंडिण्यपुरात भीष्मक राजाने शिशुपालासाठी मांडलेला विवाह, श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केल्यामुळे रद्द झाला. भीष्मकाने अथवा रुक्मीने भरपाईचा दावा दाखल केला असता तर सर्वेक्षकाचा अहवाल डोळ्यांपुढे उभा राहतो: 'सबब, एक, अपहरण हा वगळलेला धोका आहे. दोन, वधूने स्वहस्ते पत्र लिहून अपहरणकर्त्यास पाचारण केल्याचे चौकशीत निष्पन्न झाले असल्याने घटना आकस्मिक मानता येत नाही. तीन, सदरहू पत्राची माहिती प्रस्तावपत्रात उघड केलेली नाही. दावा रद्दबातल.' 'सावधान' हा शब्द कानी पडताच बोहल्यावरून निघून गेलेल्या जांबच्या नारायण ठोसरांविषयी जी परंपरा सांगतात तिने महाराष्ट्राला समर्थ दिले. पण कंपनीच्या दप्तरी तिची नोंद 'वराची स्वेच्छेने अनुपस्थिती' याहून अधिक झाली नसती.

कंपनीला दोष देण्याचे मात्र कारण नाही. जी घटना घडविणे विमेदाराच्या हाती आहे तिचा विमा उतरविता येत नाही, हे विमाशास्त्राचे आद्य तत्त्व होय. मन बदलल्याबद्दलही भरपाई मिळू लागली तर उद्या विम्यासाठी लग्ने ठरतील आणि मोडतील. हुंड्यासाठी ती ठरतच आली आहेत. दुर्दैव इतकेच की, लग्न मोडण्याची जी कारणे कुजबुजीत ऐकू येतात ती बहुतांशी भूकंपाची अथवा अग्निप्रलयाची नसून मन बदलल्याचीच असतात, आणि तेथे विमा कंपनी हात जोडून मांडवाबाहेर उभी राहते.

मग उरतो तो कायदा. १८७२ चा भारतीय करार कायदा हा रुक्ष ग्रंथ समजला जातो, पण त्यातील उदाहरणे वाचली म्हणजे त्याचे कर्ते सदोदित कोणाच्या तरी लग्नाला निघालेले असावेत, असे वाटू लागते. बत्तिसाव्या कलमाची पहिली दोन उदाहरणे घोड्याच्या विक्रीची आहेत आणि तिसरे लग्नाचे, म्हणजे घोड्यामागोमाग वरात. ख चे ग शी लग्न झाले की ख ला काही रक्कम देण्याचे क ने कबूल केले, पण ग लग्नाआधीच मरण पावते. करार रद्द. चौतिसाव्या कलमात ग जिवंत आहे, पण ती घ शी लग्न करून मोकळी होते. येथे कायदा गंभीरपणे म्हणतो की, घ मरेल आणि ग पुढेमागे ख शी लग्न करील ही शक्यता असली तरी ख व ग यांचा विवाह आता अशक्य मानला पाहिजे. छत्तिसाव्या कलमात ग पुन्हा मृत आहे, आणि पासष्टाव्यातही. छप्पन्नाव्या कलमातील नायक-नायिका परस्परांशी विवाहाचा करार करतात, तोच मुहूर्तापूर्वी नायक वेडा होतो, आणि करार निष्फळ ठरतो. लग्न ठरल्यावर वेड लागणे ही गोष्ट कायदेकर्त्यांनी इतकी सहज गृहीत धरली होती, यावरून त्यांचा अनुभव दांडगा असावा.

यांतील पासष्टावे कलम वधूपित्याने तोंडपाठ करावे अशा योग्यतेचे आहे. त्यात क आपली मुलगी ग हिच्याशी लग्न करण्याच्या वचनापोटी ख ला एक हजार रुपये देतो. ग त्या वेळी हयात नसते. आणि कायदा निर्णय देतो की करार रद्द आहे, परंतु ख ने ते हजार रुपये क ला परत केले पाहिजेत. तत्त्व असे की, रद्द ठरलेल्या अथवा पुढे निष्फळ झालेल्या करारापोटी ज्याने लाभ घेतला, त्याने तो परत करावा अथवा त्याची भरपाई द्यावी. हे कलम कोणत्याही मंगल कार्यालयाच्या पावतीमागे छापलेले मी पाहिलेले नाही.

निष्फळ झालेल्या सोहळ्यांचा सर्वांत प्रसिद्ध कज्जा लग्नाचा नसून राज्याभिषेकाचा आहे. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी लंडनमध्ये व्हावयाचा होता. मिरवणूक पाहण्यासाठी पॅल मॅल रस्त्यावरील एका घरातील खोल्या हेन्री नामक गृहस्थाने क्रेल याच्याकडून दोन दिवसांसाठी ७५ पौंडांना घेतल्या आणि २५ पौंड इसार दिला. दोन दिवस आधी राजाच्या पोटावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि सोहळा ऑगस्टवर गेला. हेन्रीने उरलेले ५० पौंड देण्याचे नाकारले, आणि १९०३ साली वरिष्ठ न्यायालयाने त्याची बाजू उचलून धरली: खिडकी जागच्या जागी होती हे खरे, पण करार खिडकीचा नसून मिरवणुकीचा होता. त्याच सुमारास दुसऱ्या एका प्रकरणात, राजाच्या हस्ते व्हावयाची आरमाराची पाहणी बघण्यासाठी आगबोट भाड्याने घेणाऱ्या गृहस्थाला मात्र पैसे मोजावे लागले, कारण राजा आला नाही तरी आरमार समुद्रात उभे होते आणि त्याभोवती फेरी मारून येण्यास कोणाची हरकत नव्हती. आमच्या केटररांनी हा दुसरा निवाडा वाचला नसेल, पण त्याचे मर्म त्यांना उपजतच अवगत आहे. "लग्न नाही तर नाही, काका, पानं तयार आहेत, माणसं घेऊन या," असे म्हणणारा केटरर मूळचा त्या आगबोटीवरचाच.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालच्या सत्यव्रत घोष यांच्या खटल्यात असे म्हटले की, 'अशक्य' याचा अर्थ अक्षरशः अशक्य असा घेण्याचे कारण नाही. ज्या हेतूने करार केला तोच निष्फळ झाला तरी पुरे. परंतु हा दिलासा मृत्यू, महापूर, शासनाचा हुकूम अशांपुरता आहे. मन बदलले तर तो करारभंगच, आणि तेथे चौऱ्याहत्तरावे कलम लागते. त्याचे म्हणणे असे की, दंडाची रक्कम करारात लिहिलेली असली तरी मिळेल ती वाजवी भरपाईच, आणि तीही लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत. या कलमाचा अर्थ ज्या निकालाने लावून दिला त्याचा विषय योगायोगाने बटाटे हा होता. मौला बक्ष नावाच्या कंत्राटदाराने १९४७ साली लष्कराला बटाटे पुरविण्याचे कंत्राट घेऊन १०,००० रुपये अनामत ठेविली, आणि कोंबड्या, अंडी व मासे पुरविण्याच्या दुसऱ्या कंत्राटापोटी ८,५०० रुपये. पुरवठा वेळेवर होईना, म्हणून सरकारने कंत्राटे मोडून दोन्ही अनामती जप्त केल्या. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बटाट्याचे भाव बाजारात कळतात. नुकसान झाले असेल तर ते सिद्ध करावे, नुसती अनामत गिळता येणार नाही. जो न्याय हिंदुस्थान सरकारला बटाट्यांच्या बाबतीत लागू झाला तो केटररला बटाट्याच्या भाजीच्या बाबतीत लागू होऊ नये, असे कोणास वाटत असेल तर त्याने आपले म्हणणे न्यायालयापुढे मांडावे. वाजवी इसार ठेवून घेण्यास न्यायालयाची ना नाही; पण सगळी रक्कम इसार म्हणून दडपता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यानेही, झालेल्या नुकसानीच्या मानाने अवास्तव दंड लादणारी अट 'अनुचित करार' या सदरात घातली आहे.

या सर्व शास्त्राची कसोटी कोरोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत लागली. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने फर्मान काढले की, लग्न एकाच सभागृहात, दोन तासांत आणि जास्तीत जास्त २५ माणसांत उरकावे, अन्यथा ५०,००० रुपये दंड. दोन तासांत आमच्याकडे मानापमानाचा पहिला अंकही संपत नाही, आणि पंचवीसांत दोन्हीकडचे मामाच मावत नाहीत. जास्तीच्या पानाचा इतका चढा दर तर कोणत्याही केटररने कधी लावला नव्हता. तीनशे पानांची हमी देऊन बसलेल्या वधूपित्याला त्या दिवसांत प्रथमच पावतीची मागची बाजू वाचण्यास फुरसत मिळाली, आणि गावोगावची कार्यालये व यजमान यांच्यात तारखा पुढे ढकलण्याचे असंख्य तहनामे झाले. ते बहुतेक तोंडी होते, आणि म्हणूनच त्यांचा अर्थ दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीने लावला.

आमच्या एका स्नेह्यांनी मात्र कायद्याची वाट शेवटपर्यंत चालून दाखविली. त्यांच्या कन्येचे लग्न पाच महिने आधीच, उभयतांच्या संमतीने आणि विशेष रडारड न होता, मोडले. कार्यालयाने छदामही परत देण्याचे नाकारले. करारभंग झाला तरी आपले नुकसान शक्य तेवढे कमी करण्याचा यत्न दुसऱ्या पक्षाने केला पाहिजे, हे वकिलाकडून कळल्यावर, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या मुहूर्तावर, स्नेही पुराव्यासाठी कार्यालयात हजर झाले. दाराशी भलत्याच दोन नावांचा फलक झळकत होता. सनई वाजत होती. फलकाचे छायाचित्र घेऊन ते परतणार, तोच दारातील मुलींनी गुलाबपाणी शिंपडून अक्षता हातावर ठेवल्या, आणि "वरपक्षाकडचे ना? पहिली पंगत बसतेय," असे म्हणत एका आदरशील गृहस्थाने त्यांना पाटावर नेऊन बसविले. पुरावा मठ्ठ्यासह गोळा झाला. पुढच्या आठवड्यात छायाचित्राची प्रत जोडून नोटीस गेली, आणि एकच तारीख दोनदा विकल्याचा हिशेब कोर्टात सांगण्यापेक्षा कार्यालयाने थोडी रक्कम कापून बाकीची मुकाट्याने परत केली.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट येथे संपते. आपल्याकडे कित्येक लग्ने अशी लागतात की, ती लागू नयेत हे मांडवातल्या चार शहाण्यांना, आणि मुख्य म्हणजे वधूला, आधीच कळलेले असते. परंतु कार्यालयाचे पैसे भरले आहेत, पत्रिका वाटल्या आहेत, किराणा भरला आहे, आता माघार कशी घ्यावयाची, या एका विचारापुढे सगळ्यांची तोंडे मिटतात. तीन-चार लाख बुडतील म्हणून लेकीचे आयुष्य त्या भरीत टाकण्याचा व्यवहार कोणत्याही जमाखर्चात बसत नाही, आणि तरी तो दर हंगामात होतो. कायद्याने सातव्या पावलापर्यंत जी मोकळीक ठेविली आहे ती पावतीने हिरावून घेऊ नये, एवढ्यासाठी तरी लग्न मोडण्याचे कलम करारात सुबोध अक्षरांत असले पाहिजे: किती दिवस आधी कळविल्यास किती रक्कम परत, तारीख दुसऱ्यास दिली गेल्यास किती, मृत्यू, गंभीर आजार अथवा शासनाचा हुकूम आडवा आला तर तारीख बदलून मिळणार की पैसे, आणि पानांची हमी कोणत्या दिवशी पक्की धरावयाची. चार ओळींचे काम आहे. कार्यालयवाल्याचेही त्यात हितच आहे, कारण भांडण टळले तर वेळ वाचतो, आणि गावात नाव राहते.

तेव्हा लेकीच्या लग्नाची तारीख धरावयास निघालेल्या प्रत्येक गृहस्थास माझी विनंती आहे की, पावती फाडली जाण्यापूर्वी, आत्याबाईंच्या समक्ष, एकदा स्पष्ट अशुभ बोलावे, आणि जे ठरले ते व्यवस्थापकाकडून त्याच पावतीवर लिहून, त्याखाली सहीशिक्का घ्यावा.